समजावणाऱ्या बाई

"आणि आता मुख्य मार्गदर्शनाकडे वळण्यापूर्वी, अजून एक छोटासा सत्कार," असं आमच्या विभागाचे राधाकिशन सर माइकवर म्हणाले, तेव्हा माझ्या अंगावर आधीच एक शाल होती, मांडीवर नारळ होता आणि भादव्याचं ऊन हॉलच्या पत्र्यातून थेट टाळूत उतरत होतं. स्टेजवरचा एकुलता एक पंखा अध्यक्षांच्या तोंडाकडं वळवून ठेवलेला. समोर मानसशास्त्राची पोरं-पोरी थोडी, आणि हॉल भरलेला दिसावा म्हणून इतिहास-मराठीच्या वर्गांतून हाकून आणलेलीच जास्त. मागं बॅनर: 'मानसशास्त्र विभाग, माजी विद्यार्थी मेळावा. पदवीनंतर काय?' बराच वेळ नुसत्या शाली उलगडत होत्या. पदवीनंतर काय, याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या रांगेत आरोही बसली होती. यंदाच आमच्या या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. ती एकटक माझ्याकडं बघत होती. तिचे वडील, म्हणजे संस्थेचे संचालक आणि आजचे अध्यक्ष विजयसिंह आबा, माझ्या शेजारच्या सोफ्यावर पाय पसरून बसले होते. आणि हॉलच्या पार मागं, भिंतीला लागून, बायकांच्या खुर्च्यांत कपाळापर्यंत पदर ओढून तिची आई सुंदरबाई. एका घरातली तीन माणसं, आणि तिघांचं लक्ष माझ्यावर. मला काय बोलायचं ते ठाऊक होतं. बोलू देतील का, एवढाच प्रश्न होता.

आठवड्यापूर्वी आरोहीचा फोन आला होता.

"मॅडम, मला पुण्याला ॲडमिशन मिळालीय. क्लिनिकल सायकॉलॉजीला. सोमवारी जाऊन हजर व्हायचंय, न्हाईतर सीट जाती."

"मग अडलंय कुठं?"

"आबा म्हणतेत, पुण्याला जाऊन येड्यांची डॉक्टरीण व्हायचंय का. लई भांडले मी. शेवटी म्हणाले, मेळाव्याला जुनी पोरं येणारेत, ती काय सांगतेत ते ऐकू, मग ठरवू. चारचौघांत म्हणाले, मॅडम. तुमी काय काम करता, ते फक्त खरंखरं सांगा."

"आणि आई काय म्हणते?"

आरोही हसली. "आईला कोण इचारतंय? आईला तर परत प्रॅक्टिकल पायजे."

मग तिनं प्रॅक्टिकलचा किस्सा सांगितला. मानसशास्त्राच्या परीक्षेत प्रत्येकानं एक जिवंत माणूस आणायचा असतो, ज्याच्यावर चाचणी घ्यायची. त्याला सगळे 'सब्जेक्ट' म्हणतात. आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं सगळ्यांचा सब्जेक्ट एकच, गेटवरचा रामकिसन चहावाला. आमच्या बॅचला रामकिसन असामान्य बुद्धीचा निघाला होता, पुढच्या बॅचला मंदबुद्धी. राधाकिशन सरांनी दोन्हींना सारखेच मार्क दिले. आरोहीनं मात्र आईला नेलं. चाचणी होती वाक्यं पुरी करण्याची. परीक्षा घेणाऱ्यानं अर्धं वाक्य बोलायचं, समोरच्यानं मनाला येईल तसं पुरं करायचं. पहिलंच वाक्य, 'मला नेहमी वाटतं...' सुंदरबाई म्हणे हात मांडीवर सरळ ठेवून कितीतरी वेळ विचार करत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मला नेहमी वाटतं, का मला कुनीतरी इचारावं." दुसऱ्या वाक्याला घंटा झाली आणि त्यांना उठवलं. तेव्हापासून त्या अधूनमधून लेकीला विचारतात, तुमची ती परीक्षा परत कवा हाय गं?

आरोहीला ती गंमत वाटत होती. मला तिथंच राग यायला लागला होता, पण कुणाचा, ते नीट कळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आबांचा फोन.

"ताई, आमची आरोही जरा हट्टाला पेटलीय. पोरगी हुशार हाय, पर दुनियादारी कळत न्हाई. मेळाव्याला या आन् तिला चार गोष्टी समजावून सांगा."

"आबा, माझं काम ते न्हाई."

"आवो, आसं कसं? सारा तालुका तुमाला समजावणाऱ्या बाई म्हणतोय की!"

खरं आहे, म्हणतो. ग्रामीण रुग्णालयात सलाईनची खोकी ठेवायच्या खोलीत माझं टेबल आहे. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे आणि ती वाचून लोक अर्थ काढतात तो एकच. सासू सुनेला घेऊन येते, हिला समजावा. बाप लेकीला आणतो, समजावा, स्थळ चांगलं हाय. ज्यानं मारलं तो बाहेर बाकावर तंबाखू मळत बसतो आणि जिला मारलं तिला समजवायला आत पाठवतो. एकदा विषारी औषध पिऊन वाचलेल्या एका पोरीला तिच्या चुलत्यानं हाताला धरून आणलं आणि म्हणाला, "मॅडम, पटकन समजावा, आमाला चारची गाडी हाय." मी त्याला बाहेर काढून दार लावलं आणि पोरीला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती माझ्याकडं बघतच राहिली. हा प्रश्न तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

मी समजावत नाही. मी विचारते. एवढं साधं काम आहे, आणि इतकी वर्षं ओरडून सांगतेय तरी या तालुक्याच्या टाळक्यात शिरत नाही.

मलाही समजावलं होतं एकदा. मला नागपूरला जायचं होतं, हाच कोर्स करायला. तर उमापूरहून मामा आले. ते पोटभर जेवले, मला समजावलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. मग मी इथंच एम.ए. केलं, इथंच लग्न, इथंच अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर नोकरी. मामा अजून सगळ्यांना सांगतात, पोरगी समजूतदार हाय.

तर सत्कार एकदाचे संपले. पहिला बोलला संगमेश्वर, माझ्याच वर्गातला. त्यांचं कापडाचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. माणूस गोड. माइक दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मित्रांनो, मानसशास्त्राचा मला धंद्यात लई फायदा झाला. गिऱ्हाईक साडीला नुसतं चांगली हाय म्हणतं, तवा ते घेत न्हाई. नाक मुरडून तीनदा पदर बघतं, तवा हमखास घेतं. हे मला या विभागानं शिकवलं."

हे त्याला त्याच्या आजोबांनी शिकवलं होतं, तो चौथीत असताना. पण टाळ्या जोरात पडल्या. तिसऱ्या रांगेतून एका पोरीनं हात वर केला.

"सर, पण ज्यांच्या घरी दुकान न्हाई त्यांनी काय करायचं?"

हॉल हसला. संगमेश्वरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. राधाकिशन सर लगबगीनं माइककडं आले. "प्रश्नोत्तरं शेवटी, प्रश्नोत्तरं शेवटी. बसून घ्या." पोरगी बसली. हसण्यासारखं तिनं काय विचारलं होतं? सगळ्या दिवसात तेवढा एकच प्रश्न कामाचा होता.

मग सर माझ्या खुर्चीमागं येऊन कानात म्हणाले, "शिवकन्या, दोनच मिनिटं हं. आबांना कडा गावी लग्नाला जायचंय. आणि जरा गोड बोल."

मी उठले, तोवर आबांनीच बसल्या जागेवरून हात पुढं करून माइक मागून घेतला.

"शिवकन्याताई बोलतीलच," ते म्हणाले. "पर त्याआधी मी त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलतो, कारण त्या सोताबद्दल कशाला सांगतील? पोरींनो, बगा यांच्याकडं. हितंच शिकल्या. हितंच नोकरी. सासू-सासरे, लेकरं, समदं सांभाळून. पुण्याला गेल्या का? न्हाई. नागपूरला? न्हाई. कावून जायचं? कशाला? काय अडलं त्यांचं? आज तालुक्यात मान हाय त्यांना. आमच्या आरोहीलाबी मी हेच सांगतोय, पर बापाचं कोण ऐकतं? आता ताईच समजावतील तिला."

हॉलमध्ये टाळ्या. काही पोरांनी शिट्ट्या मारल्या. आरोहीनं मान खाली घातली. ती एवढी खाली घातली, की मला फक्त तिच्या केसांतला भांग दिसत होता.

माझं आयुष्य, जे माझ्याकडून काढून घेतलं त्याच्यासकट, या माणसानं शालीत गुंडाळलं होतं आणि त्या पोरीच्या वाटेत आडवं टाकलं होतं. आणि वर तिला समजावण्याचं कामही माझ्याकडूनच करवून घ्यायचं होतं.

मी माइक घेतला. गोड बोलायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं.

"आबा म्हणाले, माझं काय अडलं," मी म्हणाले. "सांगते. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडं एक बाई आली. तिला आवाज ऐकू यायचे. घरच्यांनी आधी अंगारा लावला, मग डांबून ठेवलं, मग माझ्याकडं आणलं. तिला काय झालंय हे नीट तपासायची विद्या माझ्याकडं न्हाई. कारण मी ती शिकले न्हाई. कारण मी हितंच शिकले, आणि हितं आमी रामकिसनचा बुद्ध्यांक मोजत होतो."

मागच्या रांगा हसल्या. राधाकिशन सर हसले नाहीत.

"मी तिला संभाजीनगरला जायला सांगितलं. एवढंच करू शकत होते. ते गेले न्हाईत, लांब पडतं म्हणाले. आता ती बाई कुठं हाय, मला माहीत न्हाई. हे अडलं माझं, आबा. दर आठवड्याला अडतं. या तालुक्यात एक माणूस न्हाई, जो हे नीट शिकलाय. एक पोरगी शिकायला निघालीय, तर तिला समजावा म्हणता?"

"ताई," आबा हळूच म्हणाले. अजून ते हसत होते.

"पोरींनो, तुमचं शिक्षण फुकट न्हाई. शाळांत काम हाय, दवाखान्यांत हाय, हेल्पलाइनवर हाय. मघाशी जिनं हात वर केला, तिनं मला भेटावं, मी सगळं सांगते. पण कुणी तुमाला समजावायला आलं, तर आधी त्याला विचारा, की..."

की काय, ते राहिलंच. राधाकिशन सरांनी दुसरा माइक उचलला होता. "वेळेअभावी," ते घाईघाईनं म्हणाले, "वेळेअभावी आपण इथंच थांबतोय. सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं." आणि त्यांनी स्वतःच लॅपटॉपचं बटण दाबलं.

सगळा हॉल उभा राहिला. मीही राहिले, हातात माइक, अंगावर शाल, हात सरळ. यावर कुणी बोलू शकत नाही, हलू शकत नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. माझं तोंड बंद करायला या माणसाला दुसरं काही सापडलं नाही! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोकांना वाटलं असेल, बाईंना भरून आलं.

बाहेर व्हरांड्यात पोहे आणि चहा होता. मी घोट घेते न घेते तोच आबा समोर आले. आता ते हसत नव्हते.

"लई शिकवलंत तुमी. कुणी बोलावलंवतं तुमाला?"

"तुमीच."

"तुमची ऑर्डर दरसाल कुणाच्या शिफारशीनं निघती, म्हाईत हाय ना?"

"माहीत हाय."

"मग ध्यानात ठेवा." आणि आरोहीकडं न बघता म्हणाले, "गाडीत बस. इषय संपला. चारचौघांत बापाची इज्जत घालवल्यावर मी पाठवीन व्हय तुला पुण्याला?"

ते गाडीकडं गेले. आरोही माझ्यासमोर थांबली. ती माझे आभार मानेल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं. ती चिडली होती.

"मॅडम, तुमाला राग काढायचा होता, तुमी काढला. मी म्हणालते, फक्त काम सांगा. आबा आज हो म्हणायच्या बेतात होते. न्हाई म्हणायला त्यांना कायतरी पायजे होतं, ते तुमी दिलं."

"आरोही, ते हो म्हणणार नव्हते."

"ते आता कुणाला कळणारे?" ती म्हणाली आणि गेली.

पांढऱ्या गाडीचं मागचं दार लागल्याचा आवाज आला. मी विभागाच्या पायरीवर बसले. आबा म्हणाले होते त्याचं मला काही वाटलं नव्हतं, आरोहीचं लागलं. स्वतःच्या रागाचं काय करायचं ते मी लोकांना रोज विचारत बसते, आणि माझा राग मला दोन मिनिटं आवरला नव्हता. पण तो आवरावा असंही मला वाटत नव्हतं. पोहे तसेच राहिले.

"बाई."

मी वर बघितलं. सुंदरबाई उभ्या होत्या. पदर अजून कपाळापर्यंतच. गाडीकडं जायचं सोडून त्या माझ्या पायरीपाशी आल्या होत्या.

"काकू, माफ करा, मी..."

"ते ऱ्हाऊ द्या." त्या माझ्या शेजारी, अगदी पायरीच्या कडेला बसल्या. हात मांडीवर ठेवले. मग खाली बघत म्हणाल्या, "ते वाक्याचं तुमालाबी येतं का? का फक्त परीक्षेतच ऱ्हातंय?"

मला आधी कळलंच नाही.

"ते अर्धं तुमी म्हनायचं आन् अर्धं आमी. आमच्या पोरीनं घेतलं हुतं. घंटी झाली, ऱ्हायलं."

मी गाडीकडं बघितलं. पुढच्या सीटवर आबा फोनवर बोलत होते, मागच्या काचेत आरोहीचा चेहरा दिसत होता. ती वाक्यं मला पाठ आहेत, वर्षानुवर्षं दुसऱ्यांना विचारून पाठ झालेली. मी चहाचा कप बाजूला ठेवला.

"मला नेहमी वाटतं..." मी म्हणाले.

"ते झालंय," सुंदरबाई म्हणाल्या. "त्याच्या फुडचं."

"माझ्या घरात..."

त्यांनी जरा विचार केला. घाई नव्हती त्यांना. "माझ्या घरात पाव्हना आला तर त्याला इचारतेत, तिखट किती टाकायचं. म्या रांधते, मला कवाच कुनी इचारलं न्हाई, तुला किती तिखट चालतंय." त्या थांबल्या. "मला तिखट सोसत न्हाई, बाई. लग्नापासून सोसत न्हाई. ह्येबी लिवायचं का?"

"लिहायचं काही नाही, काकू. तुमी बोला."

गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. व्हरांड्यातली पोरं पोहे खाता खाता वळून बघायला लागली. सुंदरबाईंची बोटं पदराच्या काठाशी गेली, मला वाटलं उठतात आता. गाडीचं मागचं दार उघडलं आणि आरोही उतरून तरातरा आमच्याकडं आली.

"आई, चल. आबा खवळलेत. काय करायलीस हितं?"

सुंदरबाईंनी पदराशी गेलेली बोटं परत मांडीवर नेली. आरोहीनं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या मांडीवरच्या हातांकडं. परीक्षेला बसवलं होतं तेव्हा तिनंच सांगितलं असेल आईला, हात असे ठेव म्हणून. तिला कळलं. ती खालच्या पायरीवर टेकली, आईकडं तोंड करून. आणि तिनंच पुढचं वाक्य घेतलं.

"मला सगळ्यांत जास्त भीती..."

सुंदरबाईंनी डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला. पहिल्यांदाच त्यांचं कपाळ दिसलं.

"मला सगळ्यांत जास्त भीती, का तू हितंच ऱ्हाशील," त्या म्हणाल्या. "आन् तुजी लेक तुला इचारील, का आये, तू कावून न्हाई गेलीस. आन् तू तिला माजं नाव सांगशील, का तुजी आजी गप ऱ्हायली."

आरोही आईच्या आणखी जवळ सरकली.

"ए, ऐकू येत न्हाई का?" आबा गाडीतून उतरून उभे होते. दार उघडं, एक हात आत, हॉर्नवर. "चल की! लग्नाला उशीर हुतोय. बसलीस काय हितं?"

पोह्यांच्या प्लेटा हातात धरून पोरं बघत उभी होती. मघाशी हात वर केलेली ती पोरगीही त्यांच्यात होती. राधाकिशन सर दारात आले आणि तिथंच थांबले. आता त्यांच्याजवळ दाबायला बटण नव्हतं.

"थांबा म्हनावं," सुंदरबाई म्हणाल्या. आबांना नाही, आमच्याकडंच बघून, पण व्हरांडाभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "माजं व्हायचंय अजून."

हॉर्न पुन्हा वाजला आणि वाजतच राहिला. सुंदरबाई हलल्या नाहीत. त्यांनी हात परत मांडीवर सरळ ठेवले, नीट, परीक्षेत ठेवतात तसे.

"इचार फुडचं," त्या लेकीला म्हणाल्या.